बाबांच्या रिपोर्टबद्दल, आई-बाबांना

बाणेर, पुणे

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा रिपोर्ट मी नीट वाचला. रविवारी जेवताना विषय काढला तेव्हा तुम्ही म्हणालात, "टोटल कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे, शुगर बॉर्डरला आहे, या वयात एवढं चालायचंच." मग पाहुणे आले आणि बोलणं तिथेच राहिलं. मला ते राहू द्यायचं नाही, म्हणून लिहितेय.

लॅबने शुगर एका पानावर छापली आहे आणि कोलेस्टेरॉल दुसऱ्या, त्यामुळे ती दोन वेगवेगळी दुखणी वाटतात. उपाशीपोटीची शुगर 108, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) 6.0. पुढच्या पानावर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 212, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) 36, एलडीएल (ज्याला वाईट म्हणतात) 120, टोटल 198. हे सगळे आकडे शेजारी शेजारी मांडले की एकच गोष्ट दिसते: तुमचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

होतं असं. जेवणातली साखर स्नायूंमध्ये शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. स्नायू ऐकेनासे झाले की ते आणखी सोडतं, आणि त्या जोरावर शुगर कितीतरी वर्षं ठीक दिसत राहते. पण तोवर यकृताकडे चरबीचा ओघ सुरू झालेला असतो. यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. ट्रायग्लिसराइड वाढले की एचडीएल घसरतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होत जातात. म्हणून तुमचा 120 हा आकडा मला निर्धास्त करत नाही. तो कणांमधलं कोलेस्टेरॉल सांगतो, कण किती ते सांगत नाही. पन्नास माणसं पीएमपीच्या एका बसने स्वारगेटला गेली काय आणि तीन-तीन करून रिक्षांनी गेली काय, माणसं तेवढीच. रस्त्यावर गाड्या मात्र कितीतरी जास्त. धमनीच्या भिंतीत घुसायचं काम हे कण करतात, त्यामुळे संख्या महत्त्वाची. ती अपोबी नावाच्या तपासणीत कळते. तोपर्यंत एक साधा हिशोब: टोटलमधून एचडीएल वजा करा. तुमचे 162 येतात. ते 130 च्या आत असलेले बरे.

"मी कुठे लठ्ठ आहे?" हे तुमचं नेहमीचं. वजन 63, हे खरं. पण दंड आता सैल पडलेत, आणि सदऱ्याच्या खालच्या बटणापाशी ताण येतो. आईने शिवणाच्या टेपने मोजलं तेव्हा कंबर 94 सेंटिमीटर भरली होती. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात, बायकांसाठी 80. बारीक दिसूनही अंगात चरबी कशी असते, याचं संशोधन तर तुमच्या घरापासून जवळच, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये झालंय. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासली. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. बारीक दिसणाऱ्या अंगात, पोटाच्या आत चरबी साठते ती अशी. काका काय लठ्ठ होता? चोपन्नाव्या वर्षी अ‍ॅटॅक आला त्याला. तुमचा सख्खा भाऊ आहे तो. डॉक्टर घरातला इतिहास विचारतात तेव्हा "विशेष काही नाही" म्हणू नका, हे आधी सांगा.

आता गोळीचं. सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला आणि तुम्ही स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद केलीत, हे आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका. स्टॅटिनने शुगर थोडी वाढू शकते, हे खरं आहे, आणि आधीच बॉर्डरला असलेल्यांची जास्त. पण हृदयाचा धोका ज्यांना आहे त्यांच्यात त्या वाढीपेक्षा टळणारे अ‍ॅटॅक आणि स्ट्रोक कितीतरी मोलाचे ठरतात, म्हणून शुगर असलेल्यांनाही डॉक्टर हीच गोळी देतात. मेसेजमध्ये पहिलं अर्धं होतं, दुसरं नव्हतं. पाय दुखत असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका, बाबा. मला याची खरंच भीती वाटते.

खाण्याचं मी आईशी बोलणार आहे, कारण तुमच्या ताटात काय पडतं ते तिच्या हातात आहे. आई, तुझी साबुदाण्याची खिचडी मलाही आवडते. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात बटाटा, वर राजगिऱ्याचा लाडू. चतुर्थी, एकादशी, शिवाय श्रावण. उपवास सोड असं मी म्हणत नाही. दाण्याची आमटी घट्ट कर, दही-ताक वाढव, भगर वाटीभरच घे, खिचडी कधीतरी. एरवी भात निम्मा, मोडाची उसळ दुप्पट. बाबांचा संध्याकाळचा चहा खारीशिवाय होऊ दे. तूप चमच्याने मोजून चालेल. दोन वेळच्या गोडाची सवय मात्र जायला हवी.

आणि सकाळी सारसबागेला फेऱ्या मारून दिवसभर खुर्चीत बसणं पुरत नाही. रात्रीच्या जेवणानंतर दोघं मिळून पंधरा-वीस मिनिटं चाला. जेवणानंतर चालणारे स्नायू रक्तातली साखर तेव्हाच ओढून घेतात. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, हेही करा. साठीनंतर स्नायू झिजत जातात, आणि साखरेचं सगळ्यात मोठं कोठार तेच. पर्वतीच्या पायऱ्या सध्या चढू नका, आधी डॉक्टरांना विचारू.

आई, तुझी तपासणी बाबांच्या मागे दरवेळी राहून जाते. पाळी गेल्यावर बायकांचाही हृदयाचा धोका वाढतो, आणि त्यांना अ‍ॅटॅक येतो तेव्हा छातीत कळ येईलच असं नाही. दम लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढंच असू शकतं. गेल्या महिन्यात जिना चढून आल्यावर तू ओट्याला धरून उभी होतीस. "पित्त झालंय" म्हणालीस. ते पित्त की आणखी काही, हे डॉक्टरांना ठरवू दे. परत तसं झालं आणि थांबलं नाही तर माझी वाट बघायची नाही, लगेच 108 ला फोन करायचा.

शनिवारी सकाळी मी येते. दोघांचं रक्त द्यायचं आहे: शुगर, एचबीएवनसी, लिपिड (म्हणजे कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची तपासणी), आणि डॉक्टर हो म्हणाले तर अपोबी. लायपोप्रोटीन ए, म्हणजे एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण, त्याचं पण विचारीन. ते जन्मतःच ठरलेलं असतं, आयुष्यात एकदा तपासलं तरी चालतं, आणि काकाचं बघता बाबांचं बघायलाच हवं. शुक्रवारी रात्री आठपर्यंत जेवण उरका, त्यानंतर फक्त पाणी. बीपीच्या गोळीचं मी डॉक्टरांना विचारून फोन करते. जुन्या रिपोर्टांची फाइल कपाटातून काढून ठेवा, आणि बाबा, उरलेल्या गोळ्यांचं पाकीटही त्यातच ठेवा.

तुमची,
मृणाल