उद्यानांची कुलुपे आणि मनःस्वास्थ्य

महोदय,

डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका उद्यानात अवघ्या पाच जणांना घेऊन सुरू केलेला हास्य क्लब पुढे देशोदेशी पोहोचला. त्या खोट्या हसण्याची थट्टा पुष्कळ झाली (मीही केली आहे), परंतु अशा गटांचे खरे बळ व्यायामापेक्षा हजेरीत असते. नेहमीचा सदस्य दोन दिवस फिरकला नाही की ‘काय हो, बरे आहे ना?’ असा फोन हमखास जातो, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ही विचारपूस अनेकदा घरच्यांच्याही आधी लाभते.

आमच्या भागातील पालिकेचे उद्यान मात्र सकाळी दहालाच बंद होत असल्याने, घरकाम उरकून येणाऱ्या गृहिणी आणि रात्रपाळीचे कामगार यांच्या वाट्याला कुलूपच येते. ही वेळ वाढवावी. चालण्याने नैराश्याचा आजार बरा होतोच असे नाही. तेव्हा प्रवेशद्वारावरील ‘फुले तोडू नयेत’ या फलकाशेजारी शासनाच्या ‘टेली मानस’ या फोनवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही ठळक अक्षरांत लिहावा.

– एक वाचक, ठाणे