पालकांच्या जागेवर शिक्षिका आली तर बिघडलं कुठं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीत शिक्षकांनी लुडबूड करू नये, असं बजावणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. पत्रात गावाचं नाव नव्हतं. पण तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातल्या आमच्या गावात ते कोणाला उद्देशून आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं. म्हणून दुसरी बाजूही छापावी, ही विनंती.

हकिकत अशी. आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीची दोन वर्षांची मुदत संपली. नव्या समितीत पालकांमधून यायचं, असं गावातल्या एका सूनबाईंनी ठरवलं. त्या स्वतः जिल्हा परिषदेच्या शिक्षिका. नोकरी कवठेमहांकाळ तालुक्यात, रोज दुचाकीवरून जाऊन येऊन. मुलगा आमच्याच शाळेत तिसरीत. बाईंनी नाव सांगायचा अवकाश, गावातल्या एरवी भांडणाऱ्या दोन्ही गटांची माणसं पहिल्यांदाच एका सुरात बोलायला लागली: शिक्षक शिक्षकाची बाजू घेणार, कुंपणच शेत खाणार.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. शिक्षकांचा प्रतिनिधी वेगळा, तो त्या शाळेचे शिक्षक निवडतात. ती जागा बाई मागतच नाहीत. त्या मागतात ती पालकाची जागा, आणि कायद्याने पालक म्हणजे मुलाचे आई किंवा वडील. सख्खे, सावत्र किंवा दत्तक घेतलेले, एवढीच तिथली व्याख्या आहे. आई पोटापाण्यासाठी काय करते, याची त्यात चौकशी नाही.

आता कोणी म्हणतं की सरकारी नोकरांना असं उभं राहता येत नाही, वरिष्ठांची परवानगी लागते. ही काही पक्षाच्या चिन्हावरची निवडणूक नव्हे. तरीही खरोखर अडचण असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी नियम दाखवून तसं लेखी द्यावं. तोंडी ‘जमत नाही’ चालणार नाही. विधानसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत मतदान केंद्रावर पेट्या आणि यंत्रं घेऊन बसायला शिक्षक चालतात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदारयाद्या घेऊन घरोघर फिरायला चालतात. स्वतःच्या पोराच्या शाळेसाठी हात वर केला की मात्र तटस्थपणा आठवतो.

त्या वाचकाच्या शंकेत तथ्य अजिबात नाही, असं मी म्हणणार नाही. बाई आमच्याच केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एखाद्या शाळेवर असत्या तर मीही विरोध केला असता. केंद्रप्रमुख एक, शिक्षण परिषद एक, आज मी तुझं झाकतो, उद्या तू माझं झाक, असं होऊ शकतं. पण इथं तालुकाच वेगळा आहे. आणि माझ्या मते त्यांनी अध्यक्षपद घेऊ नये. समितीच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या लागतात, तिथं कोणाला बोट दाखवायला जागा नको. सदस्य म्हणून बसल्या तरी पुष्कळ.

बाईंवर राग का आहे, हे मागच्या पालक सभेला जे हजर होते त्यांना ठाऊक आहे. बाई भांडल्या नाहीत की कोणावर आरोप केला नाही. आधीच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा, एवढंच म्हणाल्या. वही शोधण्यात बराच वेळ गेला. मिळाली तेव्हा त्यात महिन्याच्या महिन्याला सभा झालेल्या होत्या, खाली सह्या होत्या, आणि त्यातल्या दोन बायका तिथंच बसून एकमेकींकडे बघत होत्या. आमच्याकडे ती वही सातवीतली पोरं घरोघर फिरवतात. सही झाली की सभा झाली.

मग त्यांनी अनुदानाचं विचारलं. सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषानुसार पट, म्हणजे शाळेतली मुलं, ३१ ते १०० असेल तर वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान, आणि त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. आमचा पट शंभराच्या आतच. बाईंनी विचारलं, यंदा त्यातले किती आले, आणि जे आले त्यातून मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी का बसली नाही? तासगावच्या बाजारात ती कडी शे-दीडशेला मिळते. आमच्या मुली मैत्रिणीला बाहेर उभं करून दार ओढून धरायला लावतात. माझी मुलगीही तेच करते, आणि ते मला बाईंनी विचारल्यावर समजलं.

पोषण आहाराचंही तसंच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५०. टेम्पोतून पोती उतरतात, पावतीवर सही होते. पोतं वजनकाट्यावर कोण ठेवतं? कोणीच नाही. चोरी होते असं बाईंचं म्हणणं नव्हतं. उतरवताना समितीतल्या एकाने तरी उभं राहावं, एवढंच. द्राक्षाची पेटी दहा ग्रॅम कमी भरली तर व्यापाऱ्याशी हमरीतुमरीवर येणारे आपण, पोरांच्या तांदळाच्या वेळी मान डोलावतो.

हे प्रश्न अंगठेबहाद्दरालाही विचारता येतात, त्याला शिक्षक कशाला हवा, असं कोणी म्हणेल. विचारता येतात, पण विचारले जात नाहीत. कारण खर्चाचं पत्रक पुढ्यात आलं की आपण बिचकतो. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा असतो, आणि सरकारने शाळेला द्यायच्या अनुदानाचा आधार तोच. आमच्याकडचा गेल्या खेपेचा आराखडा मी पाहिला. जुन्याची झेरॉक्स, वर तारीख नवी. त्यात एका वर्गखोलीची मागणी होती, जी खोली बांधून कधीच झाली आहे! हे एका नजरेत ओळखणारं माणूस समितीत असेल तर मुख्याध्यापकांचीही सोय होईल. त्यांच्या डोक्यावर ऑनलाइन माहिती भरायचंच एवढं ओझं आहे की आराखड्याला बसायला त्यांना वेळ कुठला?

आणखी एक गोष्ट, जी गावात मोठ्याने बोलली जात नाही. नोकरदारांची मुलं पिवळ्या गाडीतून तासगाव-सांगलीच्या इंग्रजी शाळांत जातात, त्यात शिक्षकांचीही पुष्कळ. हौसेने, ऐपतीने, जातात तर जातात, मी नावं ठेवत नाही. पण ज्या बाईने सरकारी पगार असून पोरगं सरकारी शाळेच्या सतरंजीवर बसवलं, तिलाच आपण विचारतो की तुझा इथं काय संबंध? आणि ज्या विनाअनुदानित शाळांसाठी आपण हजारो रुपये फी मोजतो, त्यांना कलम २१ ची ही समिती लागूच नाही. तो हक्क मिळतो तो फुकटच्या शाळेत, आणि तिथंच आपण तो वाऱ्यावर सोडतो.

पूर्वी नगरपालिका, महानगरपालिकांत त्यांच्या शाळांचा कारभार बघणारी शिक्षण मंडळं असायची. राज्य सरकारने २०१३ मध्ये ती मोडीत काढायचं ठरवलं. त्यांच्या कारभाराबद्दल चांगलं बोलणारे मला फारसे भेटले नाहीत, तो भाग वेगळा. पण आज एखाद्या शाळेच्या कारभारात पालकाला थेट शिरता येईल अशी जागा म्हणजे हीच समिती, आणि तिची निवड कशी होते ते बघा. शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या कट्ट्यावर आदल्या रात्री नावं ठरतात. निम्मी यांची, निम्मी त्यांची. महिलांच्या जागांवर ज्यांची नावं लागतात त्यांना कधी कधी ते नंतर कळतं. सकाळी पालक सभेत यादी वाचायची, टाळ्या, बिनविरोध. ‘गावाने एकोप्याने निवड केली’ अशी चार ओळींची बातमीही येते, कदाचित आपल्याच अंकात आली असेल.

यंदा ही सभा द्राक्षाच्या ऐन फळछाटणीत, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराला ठेवायचं घाटत आहे. त्या वेळी बायका कुठं असतात? छाटलेल्या बागेत, काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला. दिवसाची मजुरी बुडवून सभेला कोण येणार? मग येतात ती कट्ट्यावरचीच माणसं. बाईंना पाठिंबा देणाऱ्या आया जास्त करून याच बागांत असतात, हा योगायोग म्हणायचा का?

म्हणून मागणी एवढीच. सभा रविवारी किंवा संध्याकाळी सातनंतर घ्यावी. आठवडाभर आधी मुलांच्या वहीत सूचना लिहून द्यावी आणि दवंडीही द्यावी, फक्त व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नये. एकाच जागेसाठी दोघं इच्छुक असतील तर फळ्यावर नावं लिहून चिठ्ठ्यांनी मत घ्यावं. हात वर करायला लावलं की सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस इकडंतिकडं बघूनच हात वर करतो. चिठ्ठ्या मोजायला गावाबाहेरचं कोणी असावं, केंद्रप्रमुख असले तरी चालेल. त्यात बाई पडल्या तर पडल्या, माझं काही म्हणणं नाही.

बाईंच्या सासऱ्यांना परवा दोघांनी गाठून ‘सुनेला समजवा’ असं सांगितलं, आणि बोलता बोलता सोसायटीच्या थकलेल्या हप्त्याचीही आठवण करून दिली. सासरे म्हणाले, हप्ता द्राक्षं गेल्यावर भरतो, सुनेचं तुम्हीच तिला विचारा. अजून कोणी विचारायला गेलेलं नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी सभेची तारीख आणि वेळ ठरण्याआधीच यात लक्ष घालावं.

कळावे,
आपला,
एक पालक
ता. तासगाव, जि. सांगली