कॅमेऱ्याचा पासवर्ड बदललाय

आई, बाबा,

रागावू नका, तुम्हाला न विचारता एक करून टाकलंय. काल रात्री इथूनच कॅमेऱ्यांचा पासवर्ड बदलला आणि बेडरूमचा कॅमेरा अॅपमधून काढला. फोनवर सांगितलं की बाबा "काय झालं, काय झालं" करतात म्हणून लिहितेय.

झालं काही नाही. लॉगिनची यादी दोनदा बघितली, आपल्याशिवाय कोणी नाही. पण कॅमेरे आले तेव्हाचा 'अॅडमिन' हाच पासवर्ड आठ महिने चालू होता आणि तो बदलायचं काम माझं होतं. बाबांच्या त्या रात्रीनंतर घाईत लावले, चित्र दिसलं, बदलू नंतर म्हटलं, राहूनच गेलं. फार वाईट वाटतंय मला.

बाबा, तुम्ही म्हणाल आमच्याकडे काय बघायचंय कोणाला. पण सगळे बघायला येत नाहीत हो. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस कंपन्यांचे ठरलेले साठेक पासवर्ड लावून बघत फिरायचा, लागला की कॅमेरा त्याचा, आणि अशाच कॅमेऱ्यांची फौज करून ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्स कितीतरी लोकांचं काही तास बंद पाडलं. तुमचा 'बंद करून चालू कर' उपाय केला की तो जायचाही, पण पासवर्ड तोच राहिला की परत हजर.

हॉलचा कॅमेरा तसाच आहे, आई, दुपारी हात हलवतेस ते दिसेल मला. बेडरूमसाठी ते मदतीला बोलवायचं बटण आहेच, पण गळ्यात घालायचं, खुंटीला नाही. राउटरमधलं यूपीएनपीपण बंद केलंय, म्हणजे कॅमेरा आपणहून बाहेरचं दार उघडणार नाही. कॅमेऱ्याच्या किंवा राउटरच्या बारीक भोकात पिन घालायची नाही, सगळं पुसून पहिल्यासारखं होतं. कंपनीतून बोलतोय म्हणत कोणी ओटीपी मागितला तर फोन ठेवायचा, बाबा, गप्पा नाही मारायच्या. अपडेट मी करीन.

लहानपणी बाबा कडी लावून परत एकदा ओढून बघायचे ना, तो आवाज आला की मला झोप लागायची. काल मीही दुसऱ्या फोनवरून जुना पासवर्ड टाकून बघितला, 'चुकीचा' आलं तेव्हाच झोपले.

आई, बेडरूमच्या कॅमेऱ्यावर तू रुमाल टाकायचीस ते दिसायचं मला. बोलली नाहीस कधी, मलाच कळायला हवं होतं. आता प्लग काढ त्याचा, आणि रुमाल घे तुझा.

तुमचीच,
चिऊ