युद्धाच्या धुरालाही एक रकाना द्या

प्रति,
मा. सरचिटणीस,
संयुक्त राष्ट्रसंघ

सरचिटणीस महोदय,

मी नोकरीची सगळी वर्षे कागद तोलण्यात घालवली. हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझ्याकडे तेच काम होते. कागद म्हणजे ४७ मिलिमीटर व्यासाची टेफ्लॉनची पातळ पांढरी चकती, आमच्या भाषेत फिल्टर. तो चिमट्यानेच उचलायचा, कारण बोटाचा ठसा उमटला तर त्याचे वजनही काट्याला कळते. ठरलेल्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवायचा, तोलायचा, यंत्रात बसवायचा. यंत्र मिनिटाला साधारण १६.७ लिटर हवा ओढते, म्हणजे दिवसभरात २४ घनमीटर. मग फिल्टर काढायचा, पुन्हा त्याच खोलीत एक दिवस ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक म्हणजे २.५ मायक्रॉनहून बारीक कण. ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक तिथून रक्तात उतरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. त्या हिशेबाने माझ्या फिल्टरवर दिवसाला फार तर १२० मायक्रोग्रॅम बसायला हवेत. एवढ्याने तो मळल्यासारखाही दिसत नाही. मी काढलेले फिल्टर बहुतेक राखाडी असत, काही काळे. काळा फिल्टर चिमट्यात धरला की दर वेळी मनात यायचे, यंत्रातला बदलता येतो, माणसाच्या छातीतला बदलायचा कसा?

वजन कळले की पुढचा प्रश्न येतो, हे आले कुठून? त्यासाठी उत्सर्जनाची यादी करतात. वाहने, कारखाने, वीजकेंद्रे, चुली, जळते शेत, बांधकामाची धूळ, असा प्रत्येकाला एकेक रकाना असतो. युद्धाला नसतो. मी पाहिलेल्या कोणत्याही यादीत जळालेल्या तेलसाठ्याला, कोसळलेल्या वस्तीला किंवा लष्करी तळावर पेटवलेल्या कचऱ्याला जागा नव्हती. हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे.

माणसे बाँबने मरत असताना धुराचे काय घेऊन बसलात, असे मला तोंडावर विचारले गेले आहे. प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला कळतो. पण हवेच्या प्रदूषणाने जगात दरवर्षी सुमारे ७० लाख माणसे अकाली जातात, हा आपल्याच परिवारातल्या आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धुराने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर दमा, पक्षाघात, हृदयविकार असे लिहिलेले असते, धूर असे जवळजवळ कधीच लिहिलेले नसते. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस कोळशाच्या धुराचे धुके बसले, तेव्हाही मृत्यूंच्या नोंदी एकत्र मांडल्यावरच लोकांना समजले की काय घडून गेले. आधी ४ हजार बळी म्हटले गेले, नंतरच्या अभ्यासांत आकडा १२ हजारांपर्यंत पोहोचला. मोजणी झाली म्हणून १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. युद्धातली हवा मात्र मोजायला कोणी नसते. पहिल्या काही दिवसांतच वीज जाते आणि हवा मोजणारी यंत्रे बंद पडतात. ज्या दिवशी फिल्टर सर्वांत काळा झाला असता, त्या दिवसाचा फिल्टरच नसतो.

तोफा थांबल्या की हे संपते, असेही नाही. तोफा थांबतात तेव्हा ढिगारे उपसायला सुरुवात होते आणि बसलेली धूळ पुन्हा हवेत उठते. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ ला दोन मनोरे कोसळले. त्या धुळीत सिमेंट होते, काचेची भुकटी होती, शिसे आणि अ‍ॅस्बेस्टॉस होते. त्यातून झालेल्या आजारांसाठी काढलेल्या सरकारी आरोग्य योजनेत एक लाखाहून अधिक लोकांची नावे आहेत. ही एका ठिकाणच्या, एका सकाळच्या धुळीची गोष्ट. गाझामधल्या ढिगाऱ्याचा आपल्याच पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये केलेला अंदाज ३ कोटी ९० लाख टनांच्या वर होता. युक्रेनमधली शहरे आहेत, सीरियातली आहेत. तिथे ढिगाऱ्यात हाताने विटा वेचणाऱ्या मुलांची नावे कोणत्या योजनेत नोंदवली जाणार आहेत?

सैनिकही यातून सुटत नाही. इराक आणि अफगाणिस्तानातल्या अमेरिकी तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळत असत. प्लास्टिक, रंग, दवाखान्यातला कचरा, सगळे एकत्र टाकून वर विमानाचे इंधन ओतायचे. त्या धुरात राहून परतलेल्या सैनिकांना श्वासाचे आजार जडले, कर्करोग झाले आणि बरीच वर्षे भांडल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या उपचारांचा कायदा झाला. तो व्हायलाच हवा होता. पण कुंपणाच्या पलीकडच्या गावातही तोच धूर जात होता. त्या गावासाठी कायदा नाही.

युद्धाच्या धुराचा हिशेब करताच येत नाही, असे मला कोणी सांगू नये. तो एकदा झालेला आहे आणि आपल्याच संघटनेने केलेला आहे. १९९१ मध्ये कुवेतमधून माघार घेताना इराकी सैन्याने ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. भरदुपारी अंधार पडत होता. शेवटची विहीर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बंद झाली. सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६८७ मध्ये पर्यावरणाच्या हानीची जबाबदारीही इराकवर ठेवली, नुकसानभरपाई आयोग नेमला आणि इराकने एकूण ५२.४ अब्ज डॉलर चुकते केले. शेवटचा हप्ता २०२२ च्या सुरुवातीला गेला. तीस वर्षे हे काम चालले. पर्यावरणाच्या दाव्यांसाठी तज्ज्ञ बसले, मोजमापे झाली, रकमा ठरल्या. म्हणजे रीत आहे, अनुभव आहे, जुनी कागदपत्रेही आपल्या दप्तरात आहेत. फक्त ती वसुली हरलेल्याकडून झाली. जिंकणाऱ्याच्या किंवा अजून लढत असलेल्याच्या धुराची पावती आजवर कोणी फाडलेली नाही.

कायदा आडवा येतो, तो एका छोट्या शब्दापाशी. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलची कलमे ३५ आणि ५५ पर्यावरणाची ‘व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर’ हानी करणाऱ्या युद्धपद्धतींना मनाई करतात. त्यातला ‘आणि’ पाहावा. हानी तिन्ही असली पाहिजे, एकदम. त्यात ‘दीर्घकालीन’चा अर्थ दशके असा धरला गेला. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, महासभेने निसर्गात फेरफार करणाऱ्या तंत्रांच्या लष्करी वापरावर बंदी घालणारा करार स्वीकारला. त्यात ‘किंवा’ आहे आणि दीर्घकालीन म्हणजे काही महिने किंवा एखादा ऋतू. दोन्ही मसुदे एकाच पिढीच्या मुत्सद्द्यांनी लिहिले. धूर ‘आणि’च्या कसोटीत सापडत नाही. तो शेकडो मैल पसरतो, मारतोही भरपूर, पण महिन्याभरात आकाश निवळते आणि वकील म्हणतात, हानी दीर्घकालीन नव्हती. फुप्फुसात तो किती वर्षे राहिला, हे त्या कलमाला विचारता येत नाही. मी कायद्याचा माणूस नाही, पण आकाश निवळते आणि छाती निवळत नाही, हे सांगायला वकील व्हावे लागत नाही.

हवामान करारांचे तसेच. १९९७ च्या क्योटो वाटाघाटींत सैन्यांच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाला मोठ्या सवलती मिळाल्या. २०१५ च्या पॅरिस करारानंतर त्याची नोंद देणे प्रत्येक देशाच्या मर्जीवर राहिले. नोंदलेले लष्करी इंधन बहुधा ‘इतर’ या सदराखाली जाते. २०२२ मधल्या एका अंदाजाप्रमाणे जगातल्या सैन्यांचे उत्सर्जन एकूण उत्सर्जनाच्या ५.५ टक्के आहे. एवढी मोठी गोष्ट ‘इतर’मध्ये बसत असेल, तर तो तक्ता पुन्हा आखायला हवा.

आशा मला दातांमुळे वाटते. दुधाच्या दातांमुळे.

१९५० च्या दशकात अणुचाचण्या उघड्या हवेत होत. स्फोटातून निघालेले स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर जगभर फिरे, पावसातून गवतावर पडे, गाईच्या दुधात येई. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत आणि दातांत साठवते. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. पालक दात पाकिटात घालून पाठवत आणि दात देणाऱ्या मुलाला त्याबद्दल एक बिल्ला मिळे. असे तीन लाखांच्या आसपास दात जमले. चाचण्यांबरोबर दातांतले स्ट्रॉन्शियम वाढत गेल्याचे आकड्यांत दिसले. ज्या मुलांनी युद्ध पाहिले नव्हते, ज्यांच्या देशावर बाँब पडला नव्हता, त्यांच्या तोंडात बाँबचा अंश होता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. शीतयुद्ध ऐन भरात होते, क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेचप्रसंग होऊन वर्षही झाले नव्हते. फ्रान्सने हवेतल्या चाचण्या १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत चालू ठेवल्या, हेही खरे. पण हवा सगळ्यांची आहे, हे शत्रूंनी एकमेकांसमोर बसून लिहून दिले. आणि त्यामागे वजन-मापे करणाऱ्या लोकांची मेहनत होती, हे माझ्यासारख्याला विसरता येत नाही.

विषारी वायूंचेही असेच झाले, फक्त फार सावकाश. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर क्लोरिन सोडला गेला. दहा वर्षांनी, १९२५ मध्ये, युद्धात अशा वायूंच्या वापरावर बंदी आली. साठे नष्ट करण्याचा करार १९९७ मध्ये अमलात आला आणि जाहीर केलेला शेवटचा साठा २०२३ मध्ये संपला. पहिल्या श्वासापासून शेवटच्या नळकांड्यापर्यंत १०८ वर्षे गेली.

आता इतका वेळ हाताशी नाही. जगात आज सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. अमेरिका आणि रशिया यांच्यात अणुयुद्ध झाले, तर पाच अब्जांहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात, असे २०२२ मध्ये ‘नेचर फूड’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात म्हटले आहे. त्यांतले बहुतेक जण स्फोटापासून हजारो मैल दूर असतील. त्यांना मारणार ती काजळी. जळत्या शहरांची काजळी उंच, ढगांच्याही वर, स्थितांबरात चढते. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ती धुऊन निघत नाही. वर्षानुवर्षे ऊन अडते, थंडी वाढते, पिके धरत नाहीत. मी आयुष्यभर तोलली ती हीच वस्तू आहे. मायक्रोग्रॅममध्ये ती दमा देते, कोट्यवधी टनांत दुष्काळ आणते. म्हणूनच युद्ध आणि हवा हे दोन विषय मला कधी वेगळे करता आले नाहीत.

आपल्या हातात सैन्य नाही, मला ठाऊक आहे. पण सनदेचे कलम ९९ आपले आहे. शांततेला धोका वाटणारी कोणतीही बाब आपण स्वतःहून सुरक्षा परिषदेपुढे नेऊ शकता. डिसेंबर २०२३ मध्ये गाझासाठी त्या कलमाचा आधार घेतला गेला. युद्धाच्या धुराची नोंद ठेवण्याचा विषय तसाच परिषदेपुढे न्यावा. ती अडून बसली तर महासभा आहे. स्वच्छ, निरोगी पर्यावरणाचा हक्क तिनेच २८ जुलै २०२२ रोजी १६१ मतांनी मान्य केला. विरोधात एकही मत नव्हते. त्या ठरावात युद्धक्षेत्रातली माणसे वगळलेली नाहीत.

मागणी साधी आहे. पर्यावरण कार्यक्रम आणि आरोग्य संघटना यांनी मिळून दर वर्षी युद्धांतून हवेत गेलेल्या धुराचा, काजळीचा आणि धुळीचा अंदाज छापावा, कोणत्या युद्धातून किती, हे नावानिशी. जमिनीवरची यंत्रे बंद असली तरी उपग्रह चालू असतात. आगीचे ठिपके त्यांना दिसतात, नायट्रोजन डायऑक्साइड त्यांना मोजता येतो. पहिल्या वर्षीचे आकडे कच्चे असतील. आमचेही असत. कच्चा आकडा सुधारता येतो, कोऱ्या रकान्यात सुधारण्यासारखे काहीच नसते. सैन्याच्या इंधनाची नोंद सक्तीची करावी, असे पुढच्या हवामान परिषदेत आपण आपल्या तोंडाने बोलावे. आणि तो ‘आणि’ काढून ‘किंवा’ घालण्यासाठी सदस्य देशांना एकदा टेबलापाशी बोलवावे.

आपल्या दिनदर्शिकेत ७ सप्टेंबर हा स्वच्छ हवेचा दिवस आहे आणि ६ नोव्हेंबर हा युद्धात पर्यावरणाची होणारी हानी रोखण्याचा. दोन्ही दिवशी आपल्या कार्यालयातून संदेश निघतो. येत्या ७ सप्टेंबरच्या संदेशात युद्धाविषयी लिहावे आणि ६ नोव्हेंबरच्या संदेशात हवेविषयी. या दोन तारखांमध्ये ६० दिवस आहेत. पहिला अंदाज तयार करायला तेवढे पुरे पडणार नाहीत, पण तो कोण करणार, हे ठरवायला नक्की पुरतील.

आपला विश्वासू,
हवेचे कागद तोलणारा एक निवृत्त तंत्रज्ञ