एडनाताईंना, पुण्याच्या एका सिस्टरकडून

आदरणीय एडना अदान इस्माइल यांस,
सा. न. वि. वि.

"आमच्या परराष्ट्रमंत्री मिडवाइफ होत्या," असं माझ्या वर्गातल्या हर्गेसाच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या राजधानीतल्या, मुलीने सांगितलं तेव्हा बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. तिने काही न बोलता मोबाइल काढला आणि तुमचं एक भाषण लावलं. पुण्यात शिकायला सोमाली मुलंमुली बरीच येतात, पण त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणी त्यांना त्यांच्या गावाबद्दल धड दोन प्रश्न विचारले नव्हते. भाषण मुलींच्या सुंतेबद्दल होतं. तुम्ही ते डोळे न मिचकावता, वॉर्डात राउंडला सांगावं तसं सांगत होतात: काय कापतात, काय शिवतात, आणि पुढे बाळंतपणाच्या वेळी सुईणीच्या हाताला काय लागतं. हसणाऱ्या पोरी गप्प झाल्या. मी शिकवणारी, मीही वहीत लिहून घेतलं.

त्या वहीचा उपयोग नंतर झाला, म्हणून हे पत्र.

एका दवाखान्यात रात्रपाळीला एक सोमाली बाई कळा देत आली. पहिलटकरीण. नवरा बाहेर पॅसेजमध्ये. तपासायला घेतली तर तपासताच येईना. जिथे वाट असायला हवी तिथे सपाट वण, आणि खाली करंगळी जेमतेम जाईल एवढं छिद्र. ड्यूटीवरची डॉक्टर हुशार, पण असं तिने पुस्तकातही पाहिलं नव्हतं. आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. एकीने दुसरीला बोलावलं, दुसरीने तिसरीला, इंटर्न आले, आया डोकावल्या. त्या बाईने ओढणीने तोंड झाकून घेतलं. एवढ्या कळांत, अंगात तेवढी ताकद नसताना.

मी पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं की नेहमीसारखी बाजूला कात्री घालून इथे भागणार नाही. आधी मधला वण खालून वर उघडायचा, आत बोट ठेवून, भूल देऊन, वर जपून. मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनीही तेच सांगितलं. मुलगी झाली, रडली, रंग चांगला. नंतर नवऱ्याने चाचरत विचारलं, पुन्हा पहिल्यासारखं शिवणार का? त्याला काय सांगायचं तेही वहीत होतं. दोन्ही कडा वेगवेगळ्या शिवायच्या, एकमेकींना जोडायच्या नाहीत. आणि हे नवऱ्याला सांगायच्या आधी बाईला सांगायचं. तिला आरशात दाखवून सांगितलं. लघवीला आता वेळ लागणार नाही म्हटल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून काहीतरी बोलली. भाषा कळली नाही. कळायची गरजही नव्हती.

या दोन्ही मायलेकींतर्फे तुमचे आभार. त्यांना तुम्ही ठाऊक असालच, मी ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मग मी तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. तुमचा जन्म १९३७ चा, हर्गेसातला, तेव्हाच्या ब्रिटिश सोमालीलँडमधला. वडील दवाखान्यातले, गावभर मान असलेले. ते बाहेरगावी असताना आई आणि आजीने तुमची, आठेक वर्षांच्या पोरीची, सुंता उरकली. वडील परतल्यावर चिडले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. 'झालं ते चूक झालं' असं घरातल्या एका मोठ्या माणसाला वाटतंय, हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं, असं तुम्ही सांगता. पुढचं सगळं तिथून निघालं असं मला वाटतं. मुलींना शाळा नाही म्हणून तुम्हाला शेजारच्या जिबूतीला धाडलं, तिथून शिष्यवृत्तीवर लंडन, नर्सिंग आणि मिडवायफरी. प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या सोमाली नर्स-मिडवाइफ होऊन परत आलात, तर सरकारदरबारी बाईसाठी तशी जागाच नाही. जवळजवळ दोन वर्षं बिनपगारी काम केलंत. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि चहा टाकला. मानधनावर आणि कंत्राटावर केस पांढरे केलेल्या कितीजणी माझ्या ओळखीच्या आहेत म्हणून सांगू!

अर्थात तुमचं नशीबही काही बाबतीत मोठं होतं, ते झाकण्यात अर्थ नाही. असे वडील किती जणींना मिळतात? लग्न झालं मोहम्मद हाजी इब्राहिम इगाल यांच्याशी, ते १९६७ साली सोमालियाचे पंतप्रधान झाले, आणि पुढच्या वर्षी तुम्ही वॉशिंग्टनला अध्यक्ष जॉन्सन यांच्या पाहुण्या. पण १९६९ च्या ऑक्टोबरात सियाद बारे यांच्या लष्कराने सत्ता घेतली, इगाल तुरुंगात गेले, तुम्ही नजरकैदेत. पंतप्रधानांच्या बायकोला रात्रीतून कुणी ओळख देईनासं होतं, तेव्हा हाती उरतं ते आपलं सर्टिफिकेट. तुम्ही तेच घेऊन पुन्हा आरोग्य खात्यात उभ्या राहिलात. आणि सत्तरच्या दशकात, सोमालियाच्या राजधानीत मोगादिशूत, भर सभेत सुंतेबद्दल बोललात. ज्या गोष्टीचं नाव बायका बायकांतही घेत नव्हत्या, ती सरकारी पदावरून बोलायची म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्यालाच कळेल. आमच्या मुंबईतही दाऊदी बोहरा समाजातल्या काही बायकांनी गेल्या दशकात अशीच तोंडं उघडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथली प्रथा वेगळी, गप्प बसवण्याची रीत मात्र सारखीच.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेलात, जिबूतीत तिच्या प्रतिनिधी झालात. तो भाग मी भराभरा वाचला. पद मोठं, पण अहवाल आणि बैठका कुठल्याही खात्यात सारख्याच. माझं मन अडकलं ते निवृत्तीनंतरच्या गोष्टीत. १९८८ मध्ये बारेंच्या विमानांनी हर्गेसाच्याच विमानतळावरून उडून हर्गेसावर बॉम्ब टाकले. शहर भुईसपाट, माणसं इथिओपियात पळालेली, नर्सा एकतर मेलेल्या नाहीतर परागंदा. अशा गावात तुम्ही परतलात आणि दवाखान्यासाठी जागा मागितलीत, तर मिळाली कचरा टाकायची. तुम्ही ती घेतलीत. पेन्शन, साठवलेले पैसे, दागिने, मर्सिडीज गाडी, सगळं त्यात घातलंत. भिंती उभ्या राहायच्या आधीच मुलींना नर्सिंगचे धडे सुरू केलेत, कारण इमारत झाली तरी आत उभं राहायला कोण होतं? ९ मार्च २००२ ला दवाखाना उघडला. आपल्या वडिलांना काम करायला आवडला असता असा दवाखाना, हे तुमचं मोजमाप. आमच्या इथे याहून कितीतरी क्लिष्ट निकष असतात, गुणांकनाच्या तक्त्यांसकट, आणि तरी लेबर रूमला पडदा नसतो.

आणि मग तुम्हाला मंत्रिमंडळात बोलावलं. आधी कुटुंबकल्याण आणि समाजविकास, मग २००३ पासून २००६ पर्यंत परराष्ट्र खातं. सोमालीलँडने १८ मे १९९१ ला सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलं होतं. स्वतःचं चलन, पोलीस, निवडणुका, पासपोर्ट, सगळं. पण तुमच्या कारकिर्दीत जगातला एकही देश त्याला देश मानत नव्हता. म्हणजे परराष्ट्रमंत्री आहे, पण समोरच्या परराष्ट्राच्या लेखी तो देशच नाही! ना संयुक्त राष्ट्रांत खुर्ची, ना आफ्रिकन युनियनमध्ये. जिथे जाल तिथे आधी दारात समजावायचं की आपण कोण.

तुमचा युक्तिवाद मला आवडला, कारण तो केसपेपरसारखा आहे, आधी इतिहास नीट लिहा. सोमालीलँड २६ जून १९६० ला ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालं, तीसहून जास्त देशांनी त्याला मान्यता दिली, आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, ते आपण होऊन इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या सोमालियाशी जोडलं गेलं. तेव्हा हा देश फोडायचा नाही, मोडलेल्या भागीदारीतून आपली जुनी हद्द परत घ्यायची आहे. आणि वसाहतकाळच्या सीमा जशा आहेत तशा राखायच्या हे तर आफ्रिकेतल्या देशांनी १९६४ सालीच ठरवलेलं. २००५ मध्ये आफ्रिकन युनियनचं पथक पाहणीला आलं, त्यांनीही हे प्रकरण इतरांपेक्षा वेगळं असल्याचं नोंदवलं. नोंदवलं आणि फाइल ठेवून दिली. सोमालीलँड देश व्हावा की न व्हावा हे ठरवण्याइतकी मी शहाणी नाही. फौझिया युसूफ हाजी आदम याही मूळच्या हर्गेसाच्याच, पण २०१२ मध्ये त्या मोगादिशूच्या सरकारात पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या, म्हणजे या भांडणाच्या पलीकडच्या बाजूला. एकाच गावच्या दोन बायका, दोन परराष्ट्र खाती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत यातलं काही आल्याचं मला आठवत नाही.

त्या काळातलं एक मात्र मला चटका लावून गेलं. तुम्ही ते खातं सांभाळलंत त्याच वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, सोमालीलँडमधल्याच बोरामात क्षयरोग्यांसाठी आयुष्य घातलेल्या आनालेना टोनेल्लींना त्यांच्याच दवाखान्याच्या आवारात गोळी घातली. त्याच महिन्यात तिथल्याच शेख नावाच्या गावात शाळा चालवणारं एक ब्रिटिश जोडपंही मारलं गेलं. आमचा देश शांत आहे, या, बघा, असं जगाला सांगणं हे ज्यांचं काम, त्यांना त्या महिन्यात काय झालं असेल?

तुम्हाला २०२३ चा टेंपल्टन पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढे आणले. एकीने विचारलं, आता तिकडे बायका राजकारणात खूप असतील ना? मी शोधलं, तर सोमालीलँडच्या संसदेच्या २०२१ च्या निवडणुकीत ८२ जागांवर एकही बाई निवडून आलेली नव्हती. पेढे खाऊन झाल्यावर हेही सांगितलं. त्यावर जी चर्चा रंगली ती आपल्या विधानसभेपर्यंत पोचली आणि मेट्रन आल्यावर थांबली.

आता कामाचं. आमच्या अभ्यासक्रमात सुंता झालेल्या बाईच्या बाळंतपणाबद्दल चारच ओळी आहेत. पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत या बायका येतात, आणि प्रत्येक वेळी कुणाची तरी वही जवळ असेलच असं नाही. दवाखान्याच्या जोडीने तुम्ही काढलेल्या विद्यापीठात मिडवाइफ मुलींना हे शिकवायला ज्या टिपा आणि चित्रं वापरतात, ती मिळाली तर मी त्यांचं मराठी करून इथल्या नर्सिंग शाळांना देईन. खर्च आम्ही उचलू. हर्गेसाची ती मुलगी आता शिकून परत गेली आहे. ती दवाखान्यात येऊन हे पत्र तुम्हाला इंग्रजीत वाचून दाखवील, असं तिने कबूल केलंय. टिपा तिच्याकडे दिल्यात तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सिस्टर ट्यूटर, पुणे