देवाला ताटकळत ठेवणारे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालचा अग्रलेख वाचला. मतदार देवभोळा, म्हणून पुढारी देवाच्या नावाने मतं मागतात, असा आपला निष्कर्ष. छान! म्हणजे फिरून दोष आमचाच.

गेल्या लोकसभेच्या ऐन प्रचारात, २३ एप्रिल २०२४ ला, हनुमान जयंती आली होती. आमच्या देवळात पहाटे कीर्तन आणि सूर्योदयाला जन्म, ही जुनी रीत. बुवा रंगात आले होते, आम्ही बायका मुठीत फुलं धरून तयार. तेवढ्यात एका विश्वस्तांनी बुवांना खूण केली, "जरा लांबवा, साहेब निघालेत." बुवा बिचारे तोच अभंग घोळवत राहिले. सभामंडपात ऊन आलं तरी मारुतीराय जन्माला येईनात! अखेर गाडी आली, साहेब थेट गाभाऱ्यात, मागे कॅमेरेवाले, आणि मग कशीबशी फुलं पडली. पुढे कीर्तनाच्याच माइकवरून देव-देश-धर्माचं भाषण झालं. सुंठवड्याच्या पुडीवरही साहेबांचा हसरा फोटो. प्रचाराच्या कागदावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव लागतं ना? पुडी उलटीसुलटी करून पाहिली, कुठेच नव्हतं. प्रार्थनास्थळी प्रचार करू नये असं आचारसंहिता सांगते, पण तक्रार कुणापुढे करणार? विश्वस्तच हार घेऊन उभे.

घरी येताना आमच्या भजनी मंडळातल्या एक आजी म्हणाल्या, "देवाला ताटकळत ठेवणाऱ्याला मी नाही मत देणार." दुसरी म्हणाली, "मी देणार बाई, मांडवाचा खर्च त्यांनीच केलाय." आता या दोघींत देवभोळी कोण, ते आपणच ठरवा. अयोध्येत २२ जानेवारीला प्राणप्रतिष्ठा झाली आणि जूनमध्ये त्याच फैजाबाद मतदारसंघात भाजप हरला, हे आपल्याच पेपरात वाचलं होतं. अग्रलेख लिहिताना तो अंक हाताशी नसावा.

कायद्याचं म्हणाल तर १९८७ ची पार्ल्याची पोटनिवडणूक आठवते. आम्ही तेव्हा तिथेच राहत होतो. धर्माच्या नावाने मतं मागितली म्हणून हायकोर्टाने १९८९ मध्ये शिवसेनेच्या डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द केली. सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं १९९५ च्या डिसेंबरात. तोवर ती विधानसभा केव्हाच संपली होती. प्रभूंसाठी भाषणं करणाऱ्या बाळासाहेब ठाकऱ्यांचाही मताधिकार सहा वर्षं गेला. पण त्याच दिवशी, तशाच दुसऱ्या खटल्यात, सेनेचेच मनोहर जोशी मात्र सुटले. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, असं म्हणणं ही नुसती आशा आहे म्हणे! २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचा असो वा मतदाराचा, कुणाच्याच धर्मावर मत मागायचं नाही. त्यानंतर 'बटेंगे तो कटेंगे' ऐकलं, 'व्होट जिहाद' ऐकलं. सगळे बहुधा आशाच व्यक्त करत असावेत.

आणि पुढाऱ्यांना नावं ठेवताना आपण आपलं पहिलं पान पाहता का? प्रचाराच्या दिवसांत सणवार आला की पानभर देव आणि त्याच्या खांद्याशी उमेदवार. ती जाहिरात फुकट तर छापत नसाल. शिवाय देवाचा फोटो असलेला पेपर रद्दीत टाकायला माझा हात धजत नाही. कपाटावर गठ्ठा साचलाय, घरातले माझ्यावर वैतागतात. पैसे घ्यायचेच असतील तर निदान देव पानाच्या एका कोपऱ्यात छापत चला, कात्रीने कापून ठेवता येईल एवढा. उमेदवारासकट बाकीचा पेपर मी खुशाल रद्दीवाल्याला देईन.

– आपली एक जुनी वाचक