सर, तुम्ही त्या दिवशी "आपला" म्हणालात

सर,

हे समोर बोलायला जमलं नाही म्हणून लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण दोन ओळी वाचल्या की तुम्हाला कळेलच.

तुमच्याकडे यायच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी हीट पंप, म्हणजे घर गरम करायचं यंत्र, बसवायची अप्रेंटिसशिप करत होतो, म्हणजे कागदावर करत होतो. ८ महिने मी तिथे शिडी धरली, रेडिएटर जिन्यावरून वर नेले, गाडी झाडली. दाब मोजायच्या गेजला हात लावला की लगेच "राहू दे, बिघडवशील". लॉगबुकात मात्र मी ब्रेझिंग केलं म्हणजे तापवून पाईप जोडले, पाईपांतली हवा ओढून व्हॅक्यूम काढला असं सगळं भरलेलं, खाली सही. पंप केवढा बसवायचा ते जुन्या बॉयलरवरचा आकडा बघून ठरायचं. एकदा विचारलं एवढा मोठा कशाला, तर म्हणाले, "शिकायला आलायस की शिकवायला?" त्यानंतर मी विचारायचंच सोडलं.

आणि तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या हातात टेप दिलीत. एकेक खोली, खिडक्या, भिंती, छप्पर, सगळं मापायला लावलंत. "घरातून उष्णता किती पळते ते आधी काढ, मशीनचं नंतर बोलू." पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणतो, म्हणून १ युनिट विजेत ३ युनिट ऊब मिळू शकते, पण रेडिएटरचं पाणी ५५ ऐवजी ४५ डिग्रीवर भागवलं तर, हे मला तिथे कुणी सांगितलंच नव्हतं. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होत राहतो, कॉम्प्रेसर झिजतो, बिल वाढतं, आणि मग लोक म्हणतात हे तंत्रच फालतू. याचा मला अजून राग येतो, कारण चूक बसवणाऱ्याची असते आणि नाव मशीनचं खराब होतं.

पण आभार मानायचेत ते त्या फ्लेअरच्या दिवसासाठी. फ्लेअर म्हणजे नटाखाली घट्ट बसावं म्हणून पसरवलेलं तांब्याच्या पाईपचं तोंड. स्प्लिट सिस्टीम होती, म्हणजे एक भाग घराबाहेर, एक आत, मधे गॅसचे पाईप; फ्लेअर मी केलेले, आयुष्यातले पहिले. गळती तपासायला नायट्रोजन भरला आणि गेजचा काटा हळूहळू खाली यायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर माझ्याच नटाभोवती बुडबुडे. घरच्या बाई कोट घालून दारात उभ्या, घर दोन दिवस गार पडलेलं, "झालं का?" म्हणून विचारत होत्या. माझा घसा कोरडा पडला. आता तुम्ही माझ्याकडे बोट दाखवणार असंच वाटलं, आधीच्या ठिकाणी तेच झालं असतं.

तुम्ही म्हणालात, "आपला एक जॉइंट परत करावा लागेल, अर्धा तास द्या."

आपला. सर, तो जॉइंट माझा होता, शंभर टक्के माझा. तुम्ही "पोराने घोळ घातला" म्हणाला असतात तरी ते खोटं नव्हतं. वर तो तुम्ही स्वतः केला पण नाहीत, पाच मिनिटांत झाला असता तरी. कटर माझ्या हातात दिलात, बादली पालथी घातलीत आणि शेजारी बसून राहिलात. मी पाईप कापून आतून साफ करायला लागलो तेव्हा दोनच शब्द बोललात, "तोंड खाली." तांब्याचा कीस आत पडू नये म्हणून. पहिल्या वेळी तोच कीस फ्लेअरच्या तोंडावर राहिला होता. दुसऱ्यांदा काटा हलला नाही. तसाच गॅस भरला असता तर काय, हे तुम्ही परत येताना गाडीत सांगितलंत, १ किलो आर-३२, म्हणजे पंपात भरतात तो गॅस, हवेत सुटला की साधारण ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम. तेही शांतपणे, बाई ऐकत नसताना.

या लाइनीत हुशार माणसं खूप भेटली. चारचौघांत दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा माणूस मला अजून तुमच्याशिवाय दिसला नाही. एका शब्दाने मी परत प्रश्न विचारायला लागलो सर, ते आठ महिने धुऊन निघाले.

परवा त्याच घरी सर्व्हिसला एकटा गेलो होतो. गळती शोधायचा डिटेक्टर सगळ्यात आधी त्या नटाला लावला, काही नाही. बाई म्हणाल्या, "ते सर नाही आले?"

पुढच्या महिन्यात माझी फायनल असेसमेंट आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करतो, उचला नक्की.